व्हाँतूची प्रदक्षिणा

डोंगर चढायला जाताना बरोबर कोणाला न्यावे, हा प्रश्न किती अवघड आहे हे पेत्रार्क या इटालियन कवीने जवळजवळ सातशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. दक्षिण फ्रान्समधल्या व्हाँतू नावाच्या डोंगरावर जायचे त्याच्या मनात लहानपणापासून होते. कारण त्याच मुलखात तो वाढला, आणि तो डोंगर तिथे कुठूनही दिसतो. पण जायचे नक्की झाले तेव्हा त्याने एकेका मित्राला मनातल्या मनात तोलून पाहिले. हा फार सावकाश, तो फार घाईचा. हा सदा उदास, तो नको इतका आनंदी. एकाची बडबड सोसवणार नाही, दुसऱ्याचे मौन. घरी बसल्या जागी जे दोष आपण स्नेहाखातर पोटात घालतो तेच वाटेवर जड होतात, असे त्याचे म्हणणे. शेवटी त्याने गेरार्दो या आपल्या धाकट्या भावाला घेतले आणि २६ एप्रिल १३३६ रोजी दोघे मालोसेन गावाहून डोंगर चढू लागले. वाटेत एक म्हातारा धनगर भेटला. पन्नास वर्षांपूर्वी मीही वर गेलो होतो, फाटलेल्या कपड्यांखेरीज आणि पश्चात्तापाखेरीज काही मिळाले नाही, परत फिरा, असे त्याने बजावले. दोघांनी जास्तीचे कपडे त्याच्यापाशी ठेवले आणि ते पुढे गेले. गेरार्दो सरळ चढला. कविराज मात्र सोपी वाट शोधता शोधता पुन्हा पुन्हा खाली उतरत राहिले.

हे सारे पेत्रार्कने एका लॅटिन पत्रात लिहिले आहे. पत्र त्याच दिवशी संध्याकाळी लिहिले असे तो सांगतो. अभ्यासकांना मात्र ते पुढे कित्येक वर्षांनी घोटून घोटून लिहिलेले वाटते. मराठीतले सुनीत शिकवताना पेत्रार्कचे नाव मला दर वर्षी फळ्यावर लिहावेच लागते. त्याच्या सुनीतांपेक्षा हे पत्रच माझ्या मनात जास्त रेंगाळत राहिले, हे विद्यार्थ्यांना सांगायची सोय नसते.

आज हा डोंगर कवींचा राहिलेला नाही, सायकलवाल्यांचा झाला आहे. उंची सुमारे १९१० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा अडीचशे मीटरांहून अधिक. आल्प्सच्या मानाने ही उंची काहीच नव्हे. पण आल्प्समध्ये डोंगराला डोंगर चिकटलेला असतो. व्हाँतू ऱ्होन नदीच्या सखल प्रदेशाच्या कडेला एकटाच उभा आहे. माथा पांढराशुभ्र. लांबून पाहणाऱ्याला बर्फ वाटते, आणि भर उन्हाळ्यातही वाटते, तेव्हा शंका येते. तो चुनखडीच्या फुटक्या दगडांचा सडा आहे. तूलाँ बंदरात जहाजे बांधण्यासाठी शतकानुशतके इथली झाडे तोडली गेली. १८६१ पासून पुन्हा लागवड सुरू झाली आणि ओक, पाइन, सीडर यांचे रान पुन्हा वर चढू लागले. माथ्यापर्यंत मात्र ते पोचलेले नाही.

नावाची व्युत्पत्ती हा माझ्या धंद्याचा भाग. फ्रेंचमध्ये 'व्हाँतो' म्हणजे वाऱ्याचा. म्हणून व्हाँतू म्हणजे वाऱ्याचा डोंगर, असे तिथला हॉटेलवालाही सांगतो. जाणकारांचा कल विंतूर या रोमनपूर्व काळातल्या देवतेकडे आहे. लोकव्युत्पत्ती शास्त्राला चुकीची ठरली तरी अनुभवाला बरोबर निघते, असे कधी कधी होते. तिथे वारा आहे, आणि त्याला स्वतःचे नाव आहे: मिस्त्राल. ऱ्होनच्या खोऱ्यातून उत्तरेकडून खाली घोंगावत येणारा, कोरडा, गार वारा. सुरू झाला की दिवसेंदिवस थांबत नाही.

माझा सोबती निवडायला मला पेत्रार्कइतका विचार करावा लागला नाही. माझा भाचा लियाँला नोकरी करतो, वय सव्वीस, स्वतःची सायकल बाळगतो. गेली चार वर्षे "मामा, एकदा ये" असा त्याचा लकडा होता. मी पुण्यात रविवारी सकाळी सिंहगडाचा घाट चढणाऱ्यांपैकी. पायात जोर भाच्याच्या निम्मा, पण चिकाटी बरी. मेअखेरीस उत्तरपत्रिकांतून सुटका झाली की जायचे, असे ठरले. तेव्हा माथ्यावरचा रस्ताही हिवाळ्यानंतर खुला झालेला असतो. बायकोने यायचे कबूल केले, पण चढणार नाही या स्पष्ट अटीवर.

माथ्यावर जायला तीन डांबरी रस्ते आहेत: पश्चिमेच्या बेद्वँ गावातून, वायव्येच्या मालोसेनमधून आणि पूर्वेच्या सो या गावातून. एका दिवसात तिन्ही बाजूंनी तीनदा चढणाऱ्यांचे एक मंडळ १९८८ पासून आहे. त्याच्या नावातच 'वेडे' असा शब्द आहे. भाच्याच्या मनात तेच होते. मी म्हटले, "वेडेपणा एकदाच करू, पण नीट करू." तेव्हा फेरी आखायची ठरली. सो गावाहून निघायचे, नेस्क नदीच्या दरीतून पश्चिमेला व्हिल-स्युर-ओझाँपर्यंत उतरायचे, तिथून बेद्वँ, बेद्वँहून माथा, आणि माथ्यावरून पूर्वेला पुन्हा सो. साधारण ८५ किलोमीटर अंतर आणि १९०० मीटरांच्या आसपास चढ.

हीच फेरी उलटही करता येते. पण मग सोच्या बाजूचा सौम्य चढ चढून बेद्वँचा उभा उतार उतरावा लागतो. उभा चढ पायांना त्रास देतो, उभा उतार ब्रेकना आणि मनाला. पाय मला जास्त भरवशाचे वाटले. दुसरे असे, की फ्रान्समध्ये वाहने उजवीकडून चालतात. सोहून निघाले की नेस्कच्या दरीत खोल कडा आपल्या डाव्या हाताला राहतो आणि आपण डोंगराच्या भिंतीला धरून जातो. नकाशावर बोट फिरवताना बायकोच्या लक्षात आले की ही वाट घड्याळाच्या काट्यासारखी फिरते. "म्हणजे प्रदक्षिणाच की," ती म्हणाली, आणि आमच्या घरात या बेताला तेव्हापासून तेच नाव पडले.

डिसेंबर ते मे, दर रविवारी रात्री फोनवर आमची बैठक बसे. तो लियाँहून बोलायचा, मी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून. आता फोनमध्येच चढाचा आलेख दिसतो हे मला ठाऊक आहे; पण फोनमध्ये एका वेळी वीतभरच डोंगर मावतो. मिशलँचा पिवळा नकाशा मला त्याहून आवडतो. त्यात रस्त्यावर बारीक बाणाची टोके काढलेली असतात. एक टोक म्हणजे पाच ते नऊ टक्के चढ, दोन म्हणजे नऊ ते तेरा, तीन म्हणजे त्याहून जास्त. टोकाची दिशा चढाची. ज्या रस्त्याच्या कडेला हिरवी रेघ तो प्रेक्षणीय. नेस्कच्या दरीला हिरवी रेघ आणि व्हाँतूला बाणांची रांग: सगळी फेरी त्या दोन खुणांत आली.

टक्के म्हणजे काय हे घरातल्या सगळ्यांना एकदा समजावून द्यावे लागले. शंभर मीटर पुढे जाताना नऊ मीटर वर जायचे, म्हणजे नऊ टक्के. ऐकायला थोडे वाटते. पण सरासरीसारखी लबाड गोष्ट नाही, हे निकालपत्रके तयार करणाऱ्याला वेगळे सांगायला नको. बेद्वँपासून माथा साडेएकवीस किलोमीटर, चढ सुमारे १६०० मीटर, सरासरी साडेसात टक्के. या सरासरीत पहिले पाच-सहा किलोमीटर द्राक्षमळ्यांमधून जाणारे, जेमतेम चार-पाच टक्क्यांचे आहेत. म्हणजे त्यांची उरलेली बाकी दुसऱ्या कोणाला तरी फेडावी लागते. ती फेडते सँतेस्तेव्हच्या वळणानंतरचे रान. तिथून शाले रेनार या ठिकाणापर्यंत जवळजवळ दहा किलोमीटर नऊ-दहा टक्क्यांचा चढ, सपाटी कुठेही नाही. शाले रेनारला एक उपाहारगृह आहे. तिथे सोहून येणारा रस्ता मिळतो. पुढे सहा किलोमीटर उघडा पांढरा डोंगर, आणि मग माथा.

हिशेब असा मांडला. तासाला पाचशे मीटर उंची चढणे मला जमते. सिंहगडावर घड्याळ लावून पाहिले होते. म्हणजे बेद्वँ ते माथा सव्वातीन तास. वेग ताशी सात किलोमीटर, जवळजवळ भरभर चालणाऱ्या माणसाइतका. त्यासाठी पुढचे चक्र ३४ दात्यांचे आणि मागचे सर्वांत मोठेही ३४ दात्यांचे, अशी भाड्याची सायकल भाच्याने आधीच ठरवून ठेवली. चाकाचा एक फेरा, पेडलचा एक फेरा. पाण्याच्या दोन बाटल्या. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश थंडी वाढते, तेव्हा बेद्वँला पंचवीस असेल तर माथ्यावर पंधरा. घामाने ओल्या अंगावर वारा लागला की ते पाच वाटणार. जुने शर्यतवाले उताराला लागण्यापूर्वी छातीशी वर्तमानपत्र खुपसत. मीही एक नेले. पेत्रार्कला कपडे ठेवायला धनगर मिळाला. आम्हाला सगळे पाठीवर न्यायचे होते.

एवढे झाल्यावर बायकोने विचारले, "आणि वारा सुटला तर?"

हा प्रश्न काही घाबरटपणाचा नव्हता. १३ जुलै १९६७ रोजी टूर द फ्रान्स शर्यतीत टॉम सिम्प्सन हा इंग्लिश सायकलपटू याच उघड्या टापूत, माथा दीडएक किलोमीटरवर दिसत असताना कोसळला आणि मेला. वय २९. दोन वर्षांपूर्वी तो जगज्जेता झाला होता. त्या दिवशी भाजून काढणारे ऊन होते, आणि त्याच्या रक्तात उत्तेजक औषध आणि मद्य सापडले. म्हणजे त्याला वाऱ्याने मारले नाही. पण थांबावे असे शरीर सांगत असताना ते ऐकू येऊ नये अशी व्यवस्था त्याने केली होती. आणि वाऱ्याचीच गोष्ट हवी तर ती १४ जुलै २०१६ ची. त्या दिवशी माथ्यावर इतका वारा होता, की शर्यतीच्या चालकांनी शेवटची रेघ सहा किलोमीटर खाली, शाले रेनारला आणून ठेवली. जगातल्या सर्वांत तयार पायांच्या माणसांना जिथे वर जाऊ दिले नाही, तिथे मराठीच्या अध्यापकाने हट्ट धरण्यात काय अर्थ?

आमच्या फेरीची खरी सोय मला इथे उमगली. शाले रेनारला दोन रस्ते फुटतात: एक माथ्याकडे, दुसरा घराकडे. मालोसेनच्या बाजूने चढले तर परतणे म्हणजे आल्या वाटेने माघार. इथे मात्र माथा सोडला तरी प्रदक्षिणा मोडत नाही; ८५ च्या जागी ७३ किलोमीटर होतात, एवढेच. मग आम्ही तीन नियम लिहून नकाशाच्या कोपऱ्यावर चिकटवले. शाले रेनारला साडेबाराच्या आत पोचलो तरच पुढे. माथ्यावरच्या वाऱ्याचा अंदाज ताशी साठच्या वर असेल तर पुढे नाही. तिसरा नियम बायकोचा: दोघांपैकी एकाने नको म्हटले की नको, आणि कारण विचारायचे नाही. हा तिसरा नियम माझ्यासाठी केला आहे, दमलो तर मला लाज वाटू नये म्हणून, असे मी धरून चाललो. भाचाही तसेच समजला असावा. कारण त्याने लगेच मान डोलावली.

सो हे गाव एका कड्यावर बसलेले आहे, सुमारे ७६५ मीटर उंचीवर, आणि खाली पसरलेले पठार लॅव्हेंडरचे. छायाचित्रांतला जांभळा समुद्र जुलैत असतो; मेअखेरीस नुसत्या करड्या-हिरव्या उशा ओळीने मांडून ठेवल्यासारख्या दिसतात. बुधवारी गावचा बाजार भरतो. आम्ही निघालो तोही बुधवारच होता. सकाळी साडेसहाला चौकात गाडे लागत होते, आणि बायको खिडकीतून त्यांची पाहणी करीत होती.

नेस्कच्या दरीबद्दल मी इतके वाचले होते की निराश व्हायची तयारी ठेवली होती. मोनिय गाव मागे पडले आणि रस्ता हळूच कड्याच्या अंगाखांद्यावर गेला. नदी खाली इतकी खोल, की दिसत नाही, ऐकूही येत नाही. रस्त्यावर दगडातून कोरलेले बोगदे, आणि बोगद्यातून बाहेर पडले की पुन्हा तीच अथांग हिरवी पोकळी. मोटारी नाहीत. सायकलच्या फ्रीव्हीलचा करकर आवाज समोरच्या भिंतीवरून परत येतो. ७३४ मीटरांवर कास्तेलारासचा सज्जा आहे. तिथून पलीकडे रोशे द्यू सीर, म्हणजे मेणाचा कडा, सरळ उभा दिसतो. रानमाश्यांची पोळी त्याला लागत, त्यावरून हे नाव. कड्यासमोर एक शिळा उभी आहे आणि तिच्यावर फ्रेदेरिक मिस्त्राल या कवीच्या 'कालेंदाल' काव्यातल्या, या कड्याविषयीच्या ओळी कोरल्या आहेत.

कवीचे नाव आणि वाऱ्याचे नाव एकच. हा मिस्त्राल फ्रेंचमध्ये लिहीत नव्हता. प्रोव्हाँसालमध्ये, शाळेत जिला गावठी म्हणून हिणवत त्या भाषेत लिहीत होता. तिचा भला मोठा कोश त्याने एकट्याने रचला. १९०४ चे नोबेल पारितोषिक त्याला विभागून मिळाले, आणि ते पैसे त्याने आर्ल शहरात आपल्या लोकांच्या कपड्यालत्त्यांचे, भांड्याकुंड्यांचे संग्रहालय उभे करण्यात घातले. शिळेवरच्या ओळी भाच्याला वाचता येईनात. फ्रेंच येणाऱ्याला निम्मे कळते आणि निम्मे हातातून निसटते, असे तो म्हणाला. आम्ही तिथे ठरवल्यापेक्षा दहा मिनिटे जास्त थांबलो. वेळापत्रकात ती दहा मिनिटे नव्हती, आणि मला त्यांचे काही वाटले नाही.

व्हिल, फ्लासाँ, बेद्वँ. बेद्वँच्या आसपास चेरीच्या बागा आहेत, आणि मेअखेर हा नेमका चेरीचा हंगाम. अर्धा किलो घेतल्या, पायरीवर बसून संपवल्या. तिथे झाड हलत नव्हते. नऊ पंचविसाला चढाला लागलो.

रानातल्या त्या दहा किलोमीटरांविषयी लिहिण्यासारखे फार नाही. सँतेस्तेव्हला रस्ता डावीकडे वळतो, आणि वळताच समोर भिंतीसारखा उभा राहतो. दर किलोमीटरला दगड आहे. त्यावर उंची, उरलेले अंतर आणि पुढच्या किलोमीटरचे टक्के लिहिलेले. "मामा, दगड वाचू नकोस," भाचा म्हणाला. मी प्रत्येक दगड वाचला. अक्षर दिसले की वाचायचे, ही सवय जन्माची. सीडरच्या सावलीत ऊन लागत नव्हते, पण वाराही नव्हता, आणि आपल्याच घामाचे थेंब हँडलवर पडताना ऐकू येत होते. भाचा मुद्दाम माझ्या वेगाने चालत होता. ते त्याला किती कठीण जात असेल हे मला कळत होते. झाडे ठेंगणी झाली, विरळ झाली, आणि आम्ही शाले रेनारला पोचलो. बारा वाजून दोन मिनिटे. पाय शाबूत होते. खरे सांगायचे तर पाय इतके शाबूत असतील अशी माझी अपेक्षा नव्हती.

वर माथा लख्ख दिसत होता: पांढरा उतार आणि त्यावर मनोऱ्याची सुई. उपाहारगृहाच्या आडोशाला ऊबदार वाटत होते, पण कोपऱ्याशी गेले की टोपी धरावी लागे. फोनवर अंदाज पाहिला: माथ्यावर ताशी पंचावन्न, दुपारनंतर वाढणार. म्हणजे नियमात बसत होते. पहिला नियम पाळला गेला होता, दुसराही, काठावर का होईना. वरून सायकलवाले उतरत होते. त्यातल्या एका साठीच्या फ्रेंच गृहस्थाने भाच्याशी दोन वाक्ये बोलून हाताने डावीउजवीकडे डोलण्याची खूण केली. वर जाणारेही होते, दोघे-तिघे, मान खाली घालून. मी बाटली भरली, वर्तमानपत्र छातीशी नीट केले आणि पाय पेडलवर ठेवला. सहा किलोमीटर. तासाभराचे काम. पुन्हा इथे यायला मला आणखी किती वर्षे लागतील, याचा हिशेब मी नकाशावर कधी मांडला नव्हता, तो तेवढ्यात मांडून झाला.

"मामा," भाचा म्हणाला, "माझा नको."

मी त्याच्याकडे पाहिले. तो दमलेला नव्हता. माझ्याकडे न पाहता तो माथ्याकडे बघत होता. सहाएक महिने ज्या नियमाला मी माझी सवलत समजत होतो, तो त्याने वापरला. कारण विचारायचे नाही असे ठरले होते. मी विचारले नाही. पेत्रार्कने सोबत्याचे जेवढे गुणदोष तोलले, त्यात हा बसत नाही. पेडलवरचा पाय काढायला मला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. फार लागला नसावा, कारण भाच्याची कॉफी तेवढ्यात आली.

सोकडचा वीस किलोमीटरांचा उतार हा सायकलवाल्याला मिळालेले बक्षीस आहे. सौम्य, रुंद, आधी पाइन, मग बीच, मग ओक, आणि मग एकदम पठार उघडते. वारा पाठीशी आल्यामुळे शेवटच्या सपाटीवरही पेडल मारावे लागले नाही. बाजार उठायच्या बेतात होता. बायकोने बाजारातून लॅव्हेंडरचा मध, एक टोपली आणि तिथे पिकणाऱ्या एका जुन्या जातीच्या गव्हाची पिशवी घेतली होती. हा गहू आपल्या खपलीसारखा लागतो का ते तिला पाहायचे होते. आमची तोंडे पाहून तिने विचारले, "किती?"

"त्र्याहत्तर," भाचा म्हणाला.

तिला आकडा पाठ होता. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि आम्हाला जेवायला बसवले.

संध्याकाळभर गच्चीवरून माथा दिसत होता. खाली चौकातल्या झाडांची पाने उलटी होऊन पांढरी दिसत होती, आणि दुकानदार छत्र्या मिटून आत नेत होते. वाऱ्याचा आकडा रात्री नव्वदच्या वर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पडला होता. सायकल नऊ वाजता परत द्यायची होती, ती दिली.